कोब्यातलं डावं पाऊल

त्या बेटावर पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्याचा हमखास असा समज होई, की इथले लोक फारच नम्र आहेत. कुणीही कुठल्याही घरात शिरताना मान खाली घालून शिरे आणि बाहेर पडतानाही तसाच. आपल्याच घरात, आपल्याच बायकोसमोर माणूस इतका लवतो म्हणजे केवढे हे संस्कार, असं पाहुण्याच्या मनात येईपर्यंत त्याचं कपाळ चौकटीवर आपटलेलं असे. मग घरातली बाई ओलं फडकं घेऊन येई आणि खरं कारण सांगे.

कारण असं, की दर काही वर्षांनी समुद्र घरात यायला लागला की लोक घरातली जमीन चार बोटं वर घेत. छप्पर उचलायचं म्हणजे सतरा भानगडी. त्यापेक्षा जमीन उचलणं सोपं. मिस्त्रीला सांगायचं, सामान दोन दिवस अंगणात काढायचं, सिमेंटचा नवा कोबा घालून घ्यायचा. पाणी खाली राही, माणसं वर येत आणि दारं बुटकी होत. सात-आठ वर्षांनी पाणी पुन्हा उंबऱ्याशी येऊन उभं राही, की पुन्हा चार बोटं. असं तीनदा झालं होतं. चार-चार बोटं तीनदा, म्हणजे वीतभर. ‘वीतभरच तर आहे,’ असं सगळे म्हणत आणि मान घालून आत जात. उंच सून करायची नाही, एवढं पथ्य पाळलं की भागत होतं.

बेटावर मिस्त्री एकच होता. वर उचललेली एकूण एक जमीन त्याच्या हातची. साठीच्या अलीकडचा, बोलायला कमी, आणि कामात इतका चोख, की त्याने घातलेल्या कोब्यावर गोटी ठेवली तर कुठल्या बाजूला जावं हे तिला कळत नसे. त्याची बायको जाऊन चार महिने झाले होते. बेटावर बोट येई सोमवारी आणि गुरुवारी. तिच्या छातीत दुखायला लागलं मंगळवारी. बोट गुरुवारी आली. अगदी वेळेवर आली, तक्रारीला जागा नव्हती.

तेव्हापासून मिस्त्री रडला नव्हता. लोक भेटायला येत, डोळ्यांना पदर लावत, तो त्यांना बसायला पाट देई आणि विचारी, “तुमच्या न्हाणीचा उतार नीट आहे ना? पाणी साचत नाही ना?” लोक डोळे पुसून न्हाणीबद्दल सांगत. शेजारच्या घरात त्याची थोरली बहीण राहायची. तिला सगळं बेट ताईच म्हणे, तिच्यापेक्षा मोठी माणसंसुद्धा. कारण तिच्याशी वाद घालण्यापेक्षा धाकटं होणं परवडे. ती रोज दोन वेळा डबा घेऊन येई आणि सुनावी.

“अरे, रड एकदा. घरात दुसरं कोण आहे बघायला?”

“बघू,” मिस्त्री म्हणे.

“बघू काय? हे काय चौकटीचं माप आहे?”

“बघू.”

काहीही विचारलं तरी तो हल्ली बघूच म्हणे. जेवतोस का? बघू. दाढी कर. बघू. ताईने एकदा चिडून विचारलं, “तू जिवंत आहेस का?” त्यावरही तो तेच म्हणाला. निदान घाईत उत्तर दिलं नाही, हे खरं.

स्वयंपाकघरात, अंगणाकडच्या दारातून आत आल्यावर पहिलं पाऊल पडतं तिथे, मिस्त्रीने एक घमेलं पालथं घातलं होतं. जाता-येता तो त्याला वळसा घाली. ताई एकदा ते उचलायला वाकली, तर म्हणाला, “असू दे.” ‘बघू’ न म्हणता तो काही बोलला, म्हणून ताईने ते असू दिलं. त्याखाली काय आहे हे तिला ठाऊकच होतं.

त्याखाली एक पाऊल होतं. डावं.

मिस्त्रीच्या बायकोला सगळे गुण होते, फक्त ओल्या कोब्यावर पाय द्यायचा नसतो एवढं कळत नव्हतं. लग्नाच्या वर्षी त्याने घरात पहिला कोबा घातला, थापी फिरवून आरशासारखा केला, आणि हात धुवायला विहिरीवर गेला. परत येऊन बघतो तर दारातून आत लगेच पाऊल. ती काडेपेटी घ्यायला गेली होती. मिस्त्री अकरा दिवस बोलला नाही. बेटावर सगळ्यांच्या जमिनी गुळगुळीत आणि मिस्त्रीच्या घरात खड्डा, म्हणजे वैद्यालाच खोकला. तिने काय केलं? सिमेंट पुरतं वाळायच्या आत खिळा घेऊन पावलाशेजारी तारीख घातली. म्हणाली, “किती वर्षांपूर्वी रागावला होतात, ते विसरायला नको.”

जमीन पहिल्यांदा वर घेतली तेव्हा दूध उतू जात होतं. दुसऱ्यांदा मांजर शिरलं होतं. दोन्ही वेळा त्याच जागी डावं पाऊल आणि शेजारी तारीख. तिसऱ्या वेळी मिस्त्रीने दाराला फळी आडवी लावली, वर अंगणात पाट टाकून पहारा करत बसला. त्याचा जरा डोळा लागला. उघडला तेव्हा ती फळीवरून पाय काढून घेत होती. या खेपेला दूध नव्हतं आणि मांजरही नव्हतं. “निमित्त काय?” त्याने विचारलं. ती म्हणाली, “काही नाही. पण राहिलं असतं तर बरं दिसलं नसतं.”

घमेल्याखाली होतं ते हे पाऊल.

तर अशा घरात, अशा चौथ्या महिन्यात, एका सोमवारी बोटीने एक पत्र आलं. पाणी अडवायला दगडी बांध घालून द्या आणि खालच्या वस्तीत भराव टाकून जमीन उंच करून द्या, असा अर्ज बेटाने पलीकडच्या मोठ्या कचेरीला कधीचा केला होता. त्याचं उत्तर धक्क्यावर मोठ्याने वाचण्यात आलं. ऐकणारे घोटाभर पाण्यात उभे होते, कारण त्या दिवशी मोठी भरती होती. पत्रात म्हटलं होतं: ‘आपल्या धक्क्यावरील पट्टीच्या एकतीस वर्षांच्या नोंदी तपासल्या असता, आपल्या बेटाभोवती समुद्राच्या पातळीत वाढ झाल्याचे आढळून येत नाही. सबब बांध व भराव मंजूर करता येत नाही. तथापि, आपणांस पाण्याचा त्रास होत असल्यास मोठ्या किनाऱ्यावर स्थलांतर करून देण्यात येईल. अन्य पुरावा असल्यास तो पाहण्यासाठी आमचे अधिकारी पुढील सोमवारी येतील.’

“म्हणजे पाणी वाढलेलं नाही,” एकजण म्हणाला आणि लेंगा आणखी वर धरला.

“वाढलेलं नाही, पण त्रास होत असेल तर घर सोडा,” दुसरा म्हणाला. “न्याय आहे.”

सगळ्यांनी वळून पट्टीकाकांकडे पाहिलं. धक्क्याच्या खांबाला आकडे घातलेली एक लांब पट्टी ठोकलेली होती. पाणी कुठल्या आकड्याला लागलं आहे ते दिवसातून तीन वेळा बघून वहीत लिहायचं, हे पट्टीकाकांचं काम. एकतीस वर्षांत त्यांनी एक वेळ चुकवली नव्हती. स्वतःच्या लग्नात ते मध्येच उठून गेले होते आणि आकडा लिहून परत येऊन बसले होते. नवरी म्हणाली, आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

त्या दुपारी पट्टीकाका वह्यांचा गठ्ठा घेऊन मिस्त्रीच्या घरी आले. मान घालून आत शिरले, घमेल्याला वळसा घालून बसले.

“मिस्त्री, मी आकडा कधी खोटा लिहिला नाही.”

“माहीत आहे.”

“पट्टीला पाणी जिथे होतं तेच लिहिलं. मग पाणी घरात कसं?”

मिस्त्रीने शांतपणे विचारलं, “काका, धक्का आपण किती वेळा उंच केला?”

“तीनदा. तूच केलास.”

“आणि पट्टी?”

पट्टीकाकांच्या तोंडावरून सगळं काही गेलं, एकामागून एक, भरती उतरते तसं.

झालं होतं ते असं. धक्का चार बोटं उंच केला की वरून पट्टीवरचा आकडा नीट दिसेना. काकांचे गुडघे दुखत, वाकवेना. शिवाय पट्टीवरचा शेवटचा आकडा पूर्वी धक्क्याच्या काठाशी अगदी बरोबर जुळलेला असे, तो आता चार बोटं खाली दिसू लागला. मिस्त्रीला असलं वेडंवाकडं डोळ्यांना सहन होत नाही. त्याने पट्टी उपटली, ओळंबा लावला, चार बोटं वर ठोकली. पुन्हा काठाशी काठ. तीन वेळा. समुद्र वर चढला, त्याच्यामागून धक्का चढला, धक्क्यामागून पट्टी चढली, आणि वहीतला आकडा इमानदारीने जागच्या जागी बसून राहिला.

“जुने खांब असतील ना?” काकांनी आशेने विचारलं. “खिळ्यांची भोकं असतील त्यांत.”

“लाकडी होते ते. काढले तेव्हा कोंबड्यांच्या खुराड्याला गेले. खुराडं वादळात गेलं.”

“मग एकतीस वर्षं मी लिहिलं तरी काय?”

“धक्क्याची उंची,” मिस्त्री म्हणाला. “अगदी बरोबर लिहिलीत.”

पट्टीकाका गठ्ठा तिथेच विसरून गेले. मिस्त्रीने वह्या उचलून फळीवर ठेवल्या आणि त्यांच्या कडा एका रेषेत आणल्या. आपल्या हातून सबंध बेट बुडायची वेळ आली आहे, हे त्याला कळलं होतं. पण ते कळणं कुठेतरी बाहेरच अडलं होतं. बोट वेळेवर आली होती, हे कळलं होतं, तसंच.

पुढच्या सोमवारी कचेरीच्या मोजणीच्या बाई आल्या. हातात पेटी, गळ्यात चष्म्याची दोरी, आणि पहिल्या पाच घरांत पाच टेंगळं. सहाव्या घरापासून त्यांना बेटाची पद्धत कळली. ताई ओलं फडकं घेऊन त्यांच्या बरोबरच हिंडत होती. “लवकर शिकलात हो,” ती म्हणाली. “मागचे साहेब नवव्या घरापर्यंत ताठ होते.”

मिस्त्रीने बाईंना धक्क्यावर गाठून सांगितलं, “पट्टी मी हलवली.”

बाईंनी चष्मा लावला. “कधी?”

“तीनदा.”

“का?”

“धक्क्याशी जुळत नव्हती.”

“मीच सांगितलं होतं त्याला,” मागून पट्टीकाका म्हणाले. “माझे गुडघे…”

बाईंनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, “तुमचा शब्द मी लिहून घेते. पण शब्दावर बांध मिळत नाही. वस्तू पाहिजे. घरातल्या जमिनी तीनदा वर घेतल्या म्हणता, तर जुने थर असतील ना खाली? दोन थरांच्या मध्ये आत आलेल्या पाण्याची रेती असेल. आणि कुठला थर कधीचा, ते कळलं पाहिजे. तारखेशिवाय काही उपयोग नाही.”

तर ती दुसरी गंमत. मिस्त्रीची कामाची रीत अशी, की नवा कोबा घालताना तो जुना फोडायचा आणि तोच खडीसारखा वापरायचा. माल वाया घालवणं त्याला पटत नसे. त्यामुळे बेटावरच्या प्रत्येक घराखाली तीस वर्षांची जमीन होती खरी, पण खिचडी झालेली. कुठलं कधीचं, ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

“एकही घर नाही जिथे थर तसेच आहेत?” बाईंनी विचारलं.

एक घर होतं. मिस्त्रीच्या बायकोला तोडफोड आवडत नसे. “धूळ होते, डब्यांवर बसते,” म्हणून तिने एकदाही जुना कोबा फोडू दिला नव्हता. एकावर एक चार थर, मध्ये रेती, आणि प्रत्येकावर तिच्या हातची तारीख.

ताईने भावाकडे पाहिलं. ताईला बोलायला विषय लागत नाही, पण तेव्हा तिने ओलं फडकं पिळलं, झटकलं, पुन्हा पिळलं. पट्टीकाका गुडघे चोळत राहिले. दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही बोलले नाहीत. म्हटलं तर तेवढंच त्यांचं मिस्त्रीवरचं प्रेम, आणि ते सबंध बेटाला भारी पडणारं होतं.

“बघू,” मिस्त्री म्हणाला.

बुधवारी सकाळी बाई सामान बांधत असताना तो त्यांच्या दारात येऊन उभा राहिला. हातात छिन्नी आणि हातोडा होता.

“या,” तो म्हणाला. “डोकं सांभाळा.”

त्याने घमेलं उचलून बाजूला ठेवलं. बाईंनी पाऊल पाहिलं, तारीख पाहिली, आणि कुणाचं आहे हे विचारलं नाही. त्या कचेरीत इतकी वर्षं राहूनही त्यांची समज शाबूत होती.

“बाजूने नाही का कापता येणार?” त्यांनी विचारलं.

“तारखा पावलाशेजारी आहेत. सगळी एकावर एक आहेत. वरचं काढल्याशिवाय खालचं दिसायचं नाही.”

त्याने पावलाभोवती खडूने चौकोन आखला. गुण्या लावून कोपरे तपासले. मग छिन्नी लावली. दुसऱ्यांच्या घरात कोबा फोडताना तो घणच घाली. इथे सुतार लाकूड कोरतो तसा टकटक करत होता. ताई दाराबाहेर उभी होती. तिने तोंडात पदर धरला होता, तो बोलू नये म्हणून की रडू नये म्हणून, हे तिचं तिलाच माहीत.

वरचा थर निघता निघता टाचेपाशी तडकला. मिस्त्री थांबला. दोन्ही तुकडे जुळवून पाहिले, फडक्यावर ठेवले. “सिमेंट जरा जास्त पडलं होतं,” तो म्हणाला. त्याखाली बोटभर रेती, तीत मिठाचे पांढरे कण. मग मांजराचं पाऊल, म्हणजे मांजराच्या वेळचं. ते अख्खं निघालं. रेती. दुधाचं पाऊल, तेही अख्खं. पुन्हा रेती. आणि सगळ्यांत खाली, काडेपेटीच्या वेळचं. वरच्या तिन्हींपेक्षा ते लहान होतं. तिचे पाय पुढे वाढले होते, हे मिस्त्रीला माहीत नव्हतं. अठ्ठावीस वर्षं त्याने जमिनीकडेच पाहिलं होतं.

“अकरा दिवस,” तो म्हणाला.

“काय?” बाईंनी विचारलं.

“काही नाही. तारीख बरोबर आहे.”

बाईंनी फोटो काढले, जाडी मोजली, रेती पिशव्यांत भरली. मग अवघडून म्हणाल्या, “मिस्त्री, हे तुकडे मला न्यावे लागतील. मूळ वस्तू लागते.”

“न्या.”

“पावती देते.”

पावतीवर लिहिलं होतं: ‘कोब्याचे नमुने, नग चार, पैकी एक तडकलेला. प्रत्येकावर एका प्रौढ स्त्रीच्या डाव्या पावलाचा ठसा व तारीख. स्थिती सर्वसाधारण.’ मिस्त्रीने ती वाचली, चार घड्या घातल्या आणि विचारलं, “परत मिळतील?”

“अर्ज करा. मीही बोलेन.”

गुरुवारी बोट आली, वेळेवर. चार तुकडे गोणपाटात गुंडाळून खोक्यात घातले होते. मिस्त्रीने खोकं स्वतः उचलून बोटीत नेऊन ठेवलं आणि हलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी पाचरी मारल्या. बोट सुटल्यावर पट्टीकाकांनी पाण्याचा आकडा पाहिला आणि सवयीने वहीत लिहिला. मग थोडा विचार करून त्यापुढे लिहिलं, ‘अधिक वीतभर.’

पुढचं पत्र यायला सात महिने लागले. त्यात म्हटलं होतं, की आपल्या बेटाभोवती समुद्राच्या पातळीत वाढ झाल्याचे आढळून येते. धक्क्यावर ते वाचलं गेलं तेव्हा लोक पोटरीभर पाण्यात होते. त्यांना आनंद झाला. आता ते अधिकृतपणे बुडत होते. मग मालाने भरलेले पडाव आले, दगड आले, बांध झाला, खालच्या वस्तीत भराव पडला. घरांचे चौथरे दोन हात वर गेले, आणि या वेळी कचेरीच्या खर्चाने छपरंही उचलली गेली. दारं पुन्हा माणसाच्या उंचीची झाली. पण लोक मान घालूनच शिरत राहिले. चार दिवसांनी कुणाच्याही लक्षात येईना, की आता गरज नाही.

मिस्त्रीच्या अर्जाचंही उत्तर आलं. छापील कागद होता. त्यात एक रकाना होता, ‘नमुन्याशी अर्जदाराचे नाते’. मिस्त्रीने लिहिलं, ‘नवरा’. कागद परत पाठवला. त्याचा विचार सुरू आहे.

त्याने आधी सगळ्यांच्या जमिनी केल्या, स्वतःची शेवटी ठेवली. त्या सकाळी ताई डबा घेऊन आली तेव्हा तो दारात उकिडवा बसून थापीचा शेवटचा हात मारत होता. कोबा ओला, राखाडी, पाण्यासारखा सपाट. दाराला फळी आडवी लावलेली.

“फळी कशाला रे?” ताई म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिने जीभ चावली.

मिस्त्रीने फळीकडे पाहिलं. ती त्याने कधी लावली, ते त्याला आठवेना.

“काढू?”

“असू दे.”

ताईने डबा खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, “अरे, मी देऊ का पाय?”

“तुझा उजवा पडेल,” तो म्हणाला. “तू उजव्याने चढतेस.”

ती म्हणाली, “डाव्याने चढेन.”

“बघू.”

त्याने थापी धुतली, हात धुतले आणि अंगणात पाट टाकून बसला. दाराकडे तोंड करून. ऊन चढलं, सावली फिरली, तो तिथेच होता. डोळा लागावा म्हणून त्याने एकदा डोळे मिटूनही पाहिले, लागला नाही. संध्याकाळी ताई परत आली. मिस्त्रीने फळी काढली, दारात बसून बोट टेकवलं. कोबा धरून घट्ट झाला होता. त्याने उभ्या जन्मात केलेल्या जमिनींत ही सगळ्यांत सपाट होती.

“छान झाली रे,” ताई म्हणाली.

“हो,” मिस्त्री म्हणाला. “कुणी पाय दिला नाही.”